नाव सांगणारा फोन

ऐन गळीत हंगामात जोतीरामचा फोन फुगला. आधी पाठीमागचं झाकण जरा वर आलं, मग काच एका कडेने उचलली गेली आणि शेवटी मधल्या फटीतून आत डोकावून बघता येईल इतकं अंतर पडलं. जोतीरामने सायकलच्या ट्यूबची दोन रबरं कापून फोनला चढवली आणि तसाच आठवडा काढला.

"आवं, ह्यो फोन गाभन हाय का काय?" त्याची बायको कौसल्या म्हणाली. "फुटंल एखाद्या दिवशी खिशात."

"फुटू दे," जोतीराम म्हणाला. "तेवढीच दोन दिस रजा मिळंल."

जोतीराम साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होता. वय बावन्न, गुडघ्यात कळ, डोक्यावर मोजके केस, पण हुद्द्यातला बॉय काही मोठा झाला नव्हता. सांगवी आणि आसपासच्या नऊ गावांत कुणाच्या उसाची लागण कधीची, तोड आधी कुणाची, नंतर कुणाची, तोडणीची टोळी आज कुठल्या रानात, हे सगळं त्याच्याकडे असायचं. त्यामुळे हंगामात त्याला दिवसाला दीडदोनशे फोन येत आणि त्या सगळ्या फोनांत मिळून एकच प्रश्न असे, तोड कधी येणार? त्याचं खरं उत्तर जोतीरामलाही माहीत नसे.

फोन कुणाचा आहे हे बघायला त्याला दर वेळी मोटारसायकल थांबवावी लागे. गाडी स्टँडला लावायची, स्वेटर वर करायचा, रबरासकट फोन काढायचा, उन्हाला हाताचा आडोसा धरायचा, नाव वाचायचं आणि न उचलता फोन परत खिशात घालायचा. कालव्याच्या एक किलोमीटरच्या रस्त्यात हे चार वेळा व्हायचं. संध्याकाळी घरी आल्यावर तो इतका दमलेला असे, की कौसल्याने चहा पुढे ठेवला तरी आधी कपाकडे नुसता बघत बसे.

शेवटी पुण्यातून त्याच्या मुलीचा, संस्कृतीचा फोन आला. ती एका कंपनीत नोकरीला होती.

"पप्पा, तुम्ही दर दोन वर्षांनी अँड्रॉइड घेता आणि दर दोन वर्षांनी तो हँग होतो. आता एकदाच आयफोन घ्या. वापरलेला घ्या, पण आयफोन घ्या."

"मी काय कलेक्टर हाय? मला उसात हिंडायचंय."

"उसात हिंडा, पण रविवारी लासुर्ण्याची माणसं येणारेत. त्यांच्यासमोर तो रबरवाला फोन काढू नका."

जोतीरामने फोनचं सरकलेलं रबर बोटाने नीट बसवलं. लासुर्ण्याचं स्थळ कौसल्याच्या भावाने, राममामाने आणलं होतं. मुलगा अविराज पुण्यातच इंजिनियर. संस्कृती आणि तो दोनदा भेटले होते, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच पोरगी आपण होऊन हो म्हणाली होती. आजवरचं सगळं बोलणं राममामाच्या तोंडून झालेलं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना अजून पाहिलंही नव्हतं. रविवारी ते व्हायचं होतं.

बुधवारी दुपारी जोतीराम आणि कौसल्या बारामतीत मोबाईलच्या दुकानात जाऊन बसले. जाताना एष्टीतच कौसल्याने सांगून टाकलं, "वीस हजाराच्या वर गेला, तर मी हुतं तशी उठून घरी जाईन." जोतीरामला ही अट मनापासून आवडली. कारण निवड जितकी कमी तितका त्रास कमी, असं त्याचं मत होतं.

दुकानातल्या मुलीचं नाव दिपाली. तिने त्याच्यापुढे तीन फोन मांडले. पहिला नवाकोरा अँड्रॉइड, पाठीमागे चार कॅमेरे. दुसरा नवाकोरा आयफोन, त्याची किंमत ऐकून कौसल्या खुर्चीतून अर्धी उठली, तेव्हा दिपालीने तो न बोलता उचलून ठेवला. तिसरा वापरलेला आयफोन, पण दुकानाची सहा महिन्यांची गॅरंटी, आणि आकडा विसाच्या आतला.

"ह्या चार डोळ्यांचं काय करायचं?" जोतीरामने पहिल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"फोटो चांगले येतात काका."

"मी उसाचे फोटो काढतो. ऊस दोन कॅमेऱ्यात बी ऊसच दिसतोय. बॅटरी?"

"ह्याची जास्त चालते. आयफोनची दुपारपर्यंत जाईल, मग चार्ज करायला लागेल."

"आन् ह्यो पडला तर?"

"दोन्ही फुटतात काका."

दिपाली प्रामाणिक होती आणि त्यामुळे निर्णय होत नव्हता. अर्धा तास गेला. जोतीराम एकदा हा हातात घेई, एकदा तो. गावातल्या गेणबा शेतकऱ्याने मोठ्या बॅटरीचा घ्यायला सांगितलं होतं. टोळीच्या मुकादमाने सांगितलं होतं की आयफोनवाल्याला लोक उसनं मागत नाहीत. शेतकी ऑफिसातल्या एकाचं म्हणणं होतं की आयफोनवाल्याकडेच जास्त मागतात. जोतीराम थकला. तो म्हणाला, "तूच सांग बाय. मी दिवसभर गाडीवर असतो. फोन आला की थांबायचं, बघायचं, पुन्हा निघायचं. ह्यो त्रास कशानं कमी हुईल तेवढं बघ."

"मग हा घ्या," दिपालीने वापरलेला आयफोन पुढे सरकवला. "ह्यात सोय आहे. फोन आला की कुणाचा आहे ते हा मोठ्यानं बोलून सांगतो. खिशातून काढायचीच गरज नाही."

जोतीरामने मान वर केली. एवढ्या वर्षांत कुणी त्याला इतकं सुखाचं वाक्य ऐकवलं नव्हतं.

"बोलून सांगतो?"

"नाव घेऊन."

"द्या," जोतीराम म्हणाला.

मग जुन्यातलं नव्यात घ्यायचं काम सुरू झालं. दिपालीने दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. जोतीरामला काळजी एकच होती. नऊ वर्षांत जमवलेले अठराशे नंबर. ते गेले तर तो हंगामातच नोकरीवरून गेला असता.

"एका कंपनीतनं दुसऱ्या कंपनीत जाताना काय सांडत न्हाय ना?"

"काही सांडत नाही काका. नंबर, नावं, सगळंच्या सगळं जसंच्या तसं येतं," दिपाली म्हणाली. यादी सरकताना ती दोन ठिकाणी थांबली, ओठ मुडपून हसू दाबलं, आणि पुढे काही बोलली नाही.

पुढचे दोन दिवस जोतीरामच्या आयुष्यातले फार चांगले गेले. कालव्याच्या रस्त्याने गाडी चाललेली असायची, वरच्या खिशात फोन, आणि फोनमधली बाई इंग्रजी वळणानं सांगायची, "उचालू नॅको सेव्हन." जोतीराम न थांबता पुढे जायचा. जरा वेळाने बाई म्हणायची, "उचालू नॅको थ्री." जोतीराम तरीही पुढे जायचा.

झालं होतं असं, की त्याच्या गटात तानाजी नावाचे अकरा शेतकरी होते आणि पोपट नावाचे सात. नुसती नावं लिहून भागत नव्हतं. म्हणून त्याने ज्याचा जो गुण मनात बसला तो त्या नावापुढे, कधी नावाच्या जागीच, इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवला होता. उसाला तुरा आला, आता वजन घटणार, असं उठल्यासुटल्या घाबरवणाऱ्याचं नाव 'तुरा आला'. तोडीची तारीख दिली की घरात विचारून सांगतो म्हणणाऱ्याचं 'बायकोला विचार'. दिवसाला पाचच्या वर फोन करणारे 'उचलू नको', एकपासून चौदापर्यंत. यात दुष्टावा काही नव्हता. ती यादी त्याच्याशिवाय दुसरं कुणी वाचणार नव्हतं, आणि ती कुणी ऐकेल असं तर नऊ वर्षांत त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी रानातून येताना गेणबा त्याच्या गाडीवर मागे बसला. गेणबाचा फोन घरी राहिला होता. दोन वाजले तरी नवरा जेवायला आला नाही म्हणून गेणबाच्या बायकोने त्याच फोनवरून जोतीरामला फोन लावला.

"गेणबा रॅडका," खिशातली बाई म्हणाली.

गेणबा मागे जरा सावरून बसला. "जोतीराव, ती बया माझं नाव घेतीय का?"

"न्हाय, रेंज न्हाय म्हनतीय."

"गेणबा रॅडका," बाई पुन्हा म्हणाली.

"गेणबा तर मीच हाय. रॅडका काय हाय?"

"इंग्रजीत शेतकऱ्याला म्हनत्यात," जोतीराम म्हणाला. मागे बसल्यामुळे गेणबाला त्याचा चेहरा दिसत नव्हता, एवढं बरं होतं.

गेणबाने मान हलवली. पण घरी उतरल्यावर त्याने सातवीतल्या नातीला विचारलं. तिने सांगितलं, असा शब्द इंग्रजीत नाही, मराठीत आहे.

शनिवारी सकाळी जोतीराम दूध घालायला डेअरीवर गेला, तर दहाबारा जण किटल्या बाजूला ठेवून त्याचीच वाट बघत उभे होते. कुणी भांडायच्या तयारीत दिसत नव्हतं. सगळ्यांच्या हातात आपापले फोन होते.

"जोतीतात्या, रागराग न्हाय," एकजण म्हणाला. "निस्तं ऐकायचंय."

आणि त्याने फोन लावला. "टुरा आला," बाई म्हणाली. लोक हसले. तोही हसला, म्हणाला, "तुरा आलाच हुता पर." मग दुसऱ्याने लावला. "बायॅकोला विचार." तो मात्र हसला नाही. दूध घालायला आलेली त्याची बायको तिथेच मापापाशी उभी होती. ती म्हणाली, "मग, विचारल्याबिगर कळतंय का तुमास्नी काय?" जोतीराम जमिनीकडे बघत उभा होता. प्रत्येक जण रांगेतून पुढे येई, फोन लावी आणि बाईने काही म्हटलं की मान हलवून बाजूला होई.

शेवटी एक तानाजी पुढे आला. बाई म्हणाली, "टॅनाजी."

तानाजीने वाट बघितली. पुढे काही आलं नाही. त्याने परत लावला. "टॅनाजी."

"निस्तंच?" तानाजी म्हणाला. "ह्या सगळ्यास्नी कायबाय ठेवलंय आन् मला निस्तं तानाजी? बारा वर्षं ऊस घालतोय मी तुमच्या गटात."

"तुमचा काय त्रासच न्हाय, तानाजीराव," जोतीराम कळवळून म्हणाला.

"म्हंजी मी ध्यानातच न्हाय म्हना की," तानाजी म्हणाला, आणि त्या दिवशी खरा राग धरून गेला तो एकटा तानाजीच.

घरी आल्यावर कौसल्याने चुलीपुढूनच विचारलं, "मला काय ठेवलंय?"

"घर."

"आन् माझा दुसरा नंबर?"

जोतीरामने दुधाची किटली खाली ठेवली. "घर परत."

कौसल्याने तव्यावरची भाकरी उलटली. "उद्या लासुर्ण्याची मानसं येनार हायती. ते बोलनं आजच्या आज बंद करा."

बंद करणं फार अवघड नव्हतं. दिपालीला फोन करून विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण जोतीरामच्या जिवावर आलं. बाई होती म्हणून त्याची गाडी न थांबता चालत होती, पाठ दुखायची राहिली होती, संध्याकाळचा चहा तो गरम असताना पीत होता. बाईला गप्प करण्यापेक्षा नावंच बदलावीत असं त्याने ठरवलं. दिवसभर टोळीच्या मागे हिंडता हिंडता, बांधावर बसून, ट्रॅक्टर भरेपर्यंत, तो एकेक नाव सोज्वळ करत गेला. 'तुरा आला' गेला, तिथं पोपटराव आला. चौदा 'उचलू नको' होते, त्यांच्या जागी चौदा भाऊसाहेब आले. गेणबाला त्याने 'गेणबा आदरणीय' केलं.

सगळ्यात खाली एक वेगळाच सापडला. 'उचलू नको लासुर्णे.'

लासुर्णे वाचून त्याने फोन डोळ्यांजवळ आणला. पण मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी त्या गावच्या कुणा बागायतदाराची सासुरवाडीकडची अडीच एकर जमीन सांगवीच्या शिवारात होती, तिथल्या उसासाठी त्याने एका दिवसात चाळीस फोन केले होते. चाळिसाव्याला जोतीरामने नंबर या नावाने ठेवून दिला आणि त्यानंतर कधीच उचलला नाही. माणसाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. लासुर्णे मोठं गाव. तिथं ऊसवाले काय थोडे होते? आणि तो गृहस्थ बारामती ओलांडून त्याच्या दारात येऊन फोन लावणार होता थोडाच. शिवाय बदलायचं म्हटलं तर काय नाव ठेवणार, माणूसच ठाऊक नाही. तेवढ्यात ट्रॅक्टर भरला. जोतीरामने फोन खिशात टाकला.

रविवारी अकरा वाजता पाहुणे आले. अविराज, त्याची आई गोजरबाई आणि वडील आप्पासाहेब. राममामा पुढे होऊन सगळ्यांची ओळख करून देत होता. आप्पासाहेब धिप्पाड, पांढरी टोपी, आवाज असा की बोलत होते बाहेरच्या खोलीत आणि गोठ्यातली म्हैस कान टवकारत होती. संस्कृती कालच आली होती. आल्या आल्या तिने वडिलांना फोन बंद ठेवायला सांगितलं, पण दोन टोळ्या रानात होत्या आणि फोन बंद ठेवणं जोतीरामच्या हातात नव्हतं. मग मधला मार्ग म्हणून फोन आतल्या खोलीत, अंथरुणाच्या वळकटीवर ठेवला.

बोलणी छान चालली. मुलगा मोजकंच बोलत होता. पोहे झाले, चहा झाला. आप्पासाहेब खूश होते.

"आता आपल्यात राम कशाला पायजे मधी?" ते म्हणाले. "तुमचा नंबर सांगा जोतीराव. मिस कॉल देतो, जतन करून ठिवा."

जोतीरामने नंबर सांगितला. आप्पासाहेबांनी एका बोटाने सावकाश आकडे दाबले, आणि दहा आकडे झाल्यावर फोनकडे बघून कपाळाला आठी घातली. "आमच्याकडं हाय की ह्यो नंबर," ते स्वतःशीच म्हणाले, आणि फोन लावला.

आतल्या खोलीतून आवाज आला, "उचालू नॅको लॅसूर्ने."

"आत कोन बाय मानूस हाय का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"न्हाय, फोन हाय," जोतीराम म्हणाला. 

"काय म्हनतीय?"

 आप्पासाहेबांनी पुन्हा लावला, मान आतल्या दाराकडे वळवून. बाईने पुन्हा तितक्याच आपुलकीनं सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी लावला तेव्हा त्यांच्या ओठांनीही शब्द धरला होता.

"उचलू नको," आप्पासाहेब म्हणाले. "लासुर्णे."

खोलीत चमचा कपात ठेवल्याचा आवाज आला, तोही राममामाने ठेवलेल्या चमच्याचा. संस्कृती दारात उभी होती, ती वडिलांकडे बघत नव्हती. तिची नजर अविराजकडे होती, आणि अविराज आपल्या मोज्यांच्या टोकांकडे बघत होता.

"म्हंजी तुमी त्येच चिटबॉय," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तीन वर्षं झाली. त्या सबंध हंगामात मी रोज फोन लावत हुतो. मला वाटायचं नंबर बंद पडलाय."

"बंद पडलेल्या नंबरावर रिंग वाजत न्हाय, हे मी म्हनत हुते," गोजरबाई म्हणाल्या.

"तू गप. मी काय कुनाला शिव्या द्यायला फोन करत न्हवतो, जोतीराव. ऊस वाळत हुता. शेवटी गुऱ्हाळाला घातला, निम्म्या भावानं."

जोतीरामला काहीतरी पटण्यासारखं बोलायचं होतं. नंबर चुकून पडला, दुसऱ्याच कुणाचा होता, पोरीनं थट्टेनं ठेवला. तीन खोट्या गोष्टी त्याच्या जिभेपर्यंत आल्या. पण तो इतका दमला होता की त्यातली एकही तोंडाबाहेर पडली नाही.

"आप्पासाहेब," तो म्हणाला, "मला दिसाला दोनशे फोन येत्यात. सगळ्यांचाच ऊस वाळत असतोय. गावं नऊ आन् टोळ्या पाच. टोळी पाठवनं माझ्या हातात न्हाय, ती वरनं ठरती. माझ्या हातात निस्ता फोन हाय. उचलला की मानूस इचारतोय, तोड कधी. मला ठाव नसतं. मग मी परवा म्हनतो. परवा त्यो पुन्हा फोन करतोय, मी पुन्हा परवा म्हनतो. वीस वर्षं मी लोकास्नी परवा सांगतोय. न उचलला, तर तेवढं खोटं तरी बोलावं लागत न्हाय. तुमचा उचलायला पायजे हुता. तुमचं नुकसान झालं, ते माझ्या अंगावर हाय. आता तुमी काय ठरवाल ते मला मान्य हाय, पर त्यात पोरीचा काय दोष न्हाय."

एवढं तो घरातही कधी सलग बोलला नव्हता. कौसल्या आतल्या दारात पदर धरून उभी होती. ती नवऱ्याकडे असं बघत होती, जणू इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाने आज पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

आप्पासाहेब टोपी काढून गुडघ्यावर फिरवत बसले. शेवटी गोजरबाईच बोलल्या. "ह्यांचा फोन आमच्या घरात तरी कोन उचलतंय? इचारा की पोराला."

सगळ्यांनी अविराजकडे पाहिलं. अविराजचे कान लाल झाले. "आठवड्यातून एकदा उचलतो," तो म्हणाला. "मीटिंग असते, आप्पा."

"रोज?" आप्पासाहेबांनी विचारलं.

अविराजने पुन्हा मोज्यांकडे बघितलं. दारातली संस्कृती हसली, मग तिला हसताना बघून तोही.

आप्पासाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आना तो फोन हिकडं."

जोतीरामने आतून फोन आणला. आप्पासाहेब त्याच्या शेजारी सरकून बसले, खांद्याला खांदा लावून. "हे नाव बदला. माझ्यासमोर."

"काय लिहू?"

आप्पासाहेबांनी दारातल्या संस्कृतीकडे पाहिलं. "व्याही लिवा," ते म्हणाले.

राममामाने थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापासून व्याह्यांचे फोन सुरू झाले. सकाळी साडेसहाला एक, दुपारी जेवणानंतर एक, आणि मधे काही आठवलं तर तिसरा. खिशातली बाई म्हणे, "व्याही," आणि जोतीराम गाडी स्टँडला लावून, स्वेटर वर करून फोन उचले. पत्रिकेचा रंग, मानपानाच्या टोप्या, म्हशीचं वेत, लासुर्ण्यात पडलेलं धुकं, सगळं त्याला ऐकावं लागे. हंगामातली उरलेली सगळी माणसं मिळून घेत नव्हती एवढा वेळ एकटे आप्पासाहेब घेत होते, आणि नाही म्हणायची सोय उरली नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचा फोन कुठला ते सांगा की. आमचा बी आता म्हातारा झालाय." जोतीरामने दुकानाचं नाव सांगितलं, दिपालीचं सांगितलं, विसाच्या आतलं वापरलेलं मॉडेल सांगितलं. गाडीवरून हिंडणाऱ्याला ते फार बरं पडतं, हेही सांगितलं. त्यानंतर आठवडाभर व्याह्यांचे फोन कमी झाले. जोतीरामला जरा श्वास घेता आला.

मग लग्नाची तारीख धरायची वेळ आली. बारामतीच्या कार्यालयवाल्याने सांगितलं की मे महिन्यातली एकच तारीख मोकळी आहे, दुसरं एक गिऱ्हाईकही तिच्याच मागे आहे, पाच वाजेपर्यंत कळवा. जोतीरामने कालव्याच्या पुलावर गाडी थांबवून आप्पासाहेबांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. उचलला नाही. पंधरा मिनिटांनी परत लावला. नाही. चार वाजेपर्यंत सहा वेळा लावला. दर वेळी रिंग शेवटपर्यंत वाजून गप्प होई, आणि जोतीराम पुलाच्या कठड्यावर बसून कुणीतरी आपला फोन उचलण्याची वाट बघे. ती कशी बघायची असते ते त्याला माहीत नव्हतं. त्याला सारखं वाटत होतं की फोन बिघडला असेल, माणूस आजारी असेल, नंबर बंद पडला असेल.

सव्वाचारला त्याने गोजरबाईंचा नंबर लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"विहीणबाई, आप्पासाहेब बरे हायती ना?"

"बरे हायती की. हितं अंगनात बसल्यात."

"मी दुपारधरनं फोन लावतोय."

"व्हय, वाजतोय की मगाधरनं," गोजरबाई सहज म्हणाल्या. "परवाच नवा फोन आनलाय त्यांनी बारामतीसनं, तुमीच सांगितल्याला. लई चांगला हाय. कुनाचा फोन आला त्ये बोलून सांगतोय. त्या दुकानातल्या पोरीनं सगळं लावून दिलंय."

जोतीराम कठड्यावरून उठून उभा राहिला. खाली पाणी संथ चाललं होतं.

"मग माझा फोन आला की काय बोलतोय?"

"इंग्रजीत बोलतीय ती बया, मला काय कळतंय त्यातलं," गोजरबाई म्हणाल्या. "पर तुमचा आला की ह्ये पोट धरून हसत्यात, आन् फोन परत खिशात ठेवत्यात. थांबा, देऊ का त्यांच्याकडं?"

"नको," जोतीराम म्हणाला. "त्यास्नी एवढंच सांगा, तारीख मी धरतोय."

त्याने कार्यालयवाल्याला फोन लावला. तो मात्र लगेच उचलला.